गड्याच्या आवाजाचा रेडिओ

बापाला रेडिओ घेऊन द्यायचा आणि एक तारखेला घर सोडायचं, असं मी ठरवलं होतं. रेडिओ प्रेमाखातर नव्हता. दीपमाला दोन वर्षं बापाच्या घरी राहिली, खाल्लं आणि तशीच निघून गेली, असं कुणी म्हणायला नको, म्हणून होता. बाई घर सोडून निघाली की लोक आधी तिच्या हाताकडं बघतात. काय नेलं, काय ठेवलं. का निघाली, ते कुणी विचारत नाही.

बापाला आम्ही दादा म्हणतो. नाव कारभारी. वाळूजच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या प्रेसशॉपमध्ये त्यांनी सव्वीस वर्षं काढली. पत्रा आत सरकवायचा, प्रेस खाली आपटायची, तुकडा काढायचा, पुन्हा पत्रा. आठ तास नुसती धाड धाड. कानात घालायला कापसाचे बोळे, तेही मागितले तर. साहेब लोक तिथून जाताना दोन्ही कानांवर हात ठेवून जायचे आणि काचेच्या केबिनीत बसून उत्पादन वाढवा म्हणायचे. आता दादा रिटायर होऊन गारखेड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत बसून असतात.

मी एसटीत कंडक्टर. माझा आवाज बारीक आणि चिरका, पण शेवटच्या सीटपर्यंत जातो. 'पुढं सरका, मागं जागा हाय' म्हटलं की झोपलेला माणूससुद्धा सरकतो. ड्रायव्हर म्हणतात, दीपमालाबाई गाडीवर असल्या की हॉर्नची गरज नाय. एवढा आवाज, पण घरात त्याची काही किंमत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा दारातच उभी राहून सगळं सांगून टाकलं होतं मी. बसलेसुद्धा नव्हते. त्यानं काय काय केलं, कधीपासून केलं. शेवटी म्हणाले, "दादा, मी आता परत जाणार नाय." दादांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, उजव्या हाताचा पंजा वर करून मला दाखवला आणि खिडकीकडं तोंड फिरवलं.

बास. पुढं बोलू नको. दुसरा काय अर्थ होतो उगारलेल्या पंजाचा?

त्यानंतर दोन वर्षं हेच. मी काही बोलले की पंजा. "दादा, चहा ठेवू?" पंजा. "दादा, आज ड्यूटी सिल्लोडची हाय, उशीर होईल." पंजा. आणि दिवाळी आली की त्याच हातानं फोन उचलून नवऱ्याला आमंत्रण. "जावईबापू, फराळाला या." पहिल्या दिवाळीला मी भांडले. दुसऱ्या दिवाळीला भांडले नाही, खोली शोधायला लागले. पदमपुऱ्यात मिळाली, स्टँडपासून जवळ. चार दिवसांपूर्वी सकाळी दोघांच्या समोर सांगितलं, एक तारखेला जाते म्हणून. आईनं पदर डोळ्याला लावला. दादांनी पंजा दाखवला.

रेडिओचं आईनंच काढलं. आई म्हणजे आशाबाई. घरातलं कोणतंही भांडण वरणात मीठ कमी पडल्याइतकं छोटं करून दाखवण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. दादा टीव्ही एवढा मोठा लावायचे की वरच्या मजल्यावरची सुलेखावहिनी दोनदा खाली येऊन गेली. "काका, पोरीची परीक्षा हाय हो माझ्या." दुसऱ्यांदा आली त्या दिवसापासून दादांनी टीव्हीच सोडला. नुसते खिडकीपाशी बसायचे.

"त्यायला रेडू तरी आणून दे जाता जाता," आई म्हणाली. "गावाकडं लावायचे पहिले. सेलवरचा आण, वायरीचा नको. जवळ घेऊन बसतील बिचारे."

"बिचारे," मी म्हणाले. "बरं."

रविवारी मला सुट्टी होती. दादांना स्कूटीवर मागं बसवलं आणि औरंगपुऱ्यात नेलं. आधी एका मोठ्या झकपक दुकानात गेलो. एसी, आरसे, टायवाला सेल्समन.

"सेलवरचा रेडिओ हाय का?" मी विचारलं.

"सेल संपला मॅडम. आता दसऱ्याला लागेल."

"तो सेल नाय. रिमोटमधी घालतात ते सेल."

"अच्छा, बॅटरी!" तो हसला. "मॅडम, रेडिओ कौन सुनता आजकल? हे बघा, ब्लूटूथ स्पीकर. एफएम हाय, पेनड्राइव्ह लागतो, लाइट पण लागतात. काका खुश होतील."

लाइट लागले. लाल, निळे, हिरवे. वरातीचा डीजेच जणू लहान करून ठेवलेला. त्याला फिरवायचं काही नव्हतं, सगळी बटणं, तांदळाच्या दाण्याएवढी. एक दाबलं की स्टेशन, तेच जास्त वेळ दाबलं की आवाज, दोन एकदम दाबली की बंद. दादांचा अंगठा दोन बटणांएवढा. प्रेसवर एकदा नख गेलेलं ते परत सरळ आलंच नाही. त्यांनी दाबलं की एकाच वेळी आवाजही वाढायचा आणि स्टेशनही पळायचं. ज्यानं हे केलं त्यानं कधी राबलेला अंगठा पाहिला नसणार. पाहिला असेल तर गिऱ्हाईक म्हणून धरला नसणार.

स्पीकरमध्ये एक बाई भराभरा बोलत होती, हसत होती.

"ह्याचा आवाज फाटका हाय," दादा म्हणाले.

"फाटका? काका, अख्खं दुकान हललं ना!"

दादांनी त्याला पंजा दाखवला आणि दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. सेल्समननं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "मलाबी तेच दाखवतात. मनावर घेऊ नका."

मग गल्लीत आत फकिराभाऊंचं दुकान. सत्तरीचा माणूस, अंगानं वाळकुडा, पण आवाज असा की रांजणात तोंड घालून बोलतोय. पूर्वी नुसते रेडिओ दुरुस्त करायचे, आता मिक्सर, इस्त्री, काय येईल ते. तरी एका फळीवर पाच-सहा रेडिओ ठेवलेले होते. त्यांनी एकही रेडिओ आधी दाखवला नाही. आधी विचारलं.

"बाबा, खिशात ठेवायचा का कडेला?"

"कडेला. खिडकीत," दादा म्हणाले.

"टेसन एकच लावणार का फिरवत बसणार?"

"बातम्या. शेतीचं काय सांगतात ते. गाणी लागली तर लागली."

"चष्मा लावून काटा दिसतो का? का हातानं चाचपून लावणार?"

"हातानंच. काटा बघतो कोण?"

मी बाजूला उभी राहून हे ऐकत होते आणि आतून पेटत होते. परक्या माणसाला तीन प्रश्नांची तीन उत्तरं. माणूस मुका नव्हता तर. फक्त माझ्यापुरता होता.

फकिराभाऊंनी पहिला काढला तो खिशातला, काडेपेटीहून थोडा मोठा. दोन पेन्सिल सेल लागतात. काम चालतं, म्हणाले, पण स्पीकर लहान. लावला. कुठलीतरी मुलगी गाण्यांच्या फर्माइशी वाचत होती. दादांनी कानाला लावला, मान हलवली. "नाय. लई लांबून बोलल्यावाणी येतंय."

दुसरा निळा, प्लास्टिकचा, वर बॅटरीचा दिवा आणि मागं चार्जिंगची पिन. "हा लई खपतो," फकिराभाऊ म्हणाले, "पण आतली बॅटरी सालभरात फुगती आणि बाजारात दुसरी मिळत नाय. मग फेकायचा. मी सांगून विकतो." त्याच्यावरही तीच मुलगी. दादा म्हणाले, "ह्याच्यात मुंग्या हायेत."

"मुंग्या?" मी म्हणाले. "एवढं स्पष्ट बोलतीय ती!"

पंजा.

भर दुकानात माझा बांध फुटला. "माझ्या हातचा नको असंल तर तसं म्हणा ना! खोड्या कशाला काढता? ह्यो फाटका, ह्यो लांबचा, ह्याच्यात मुंग्या! घरात ठेवायची नाय, तिच्या हातचं घ्यायचं नाय, आणि तोंडानं सांगायचं पण नाय!"

दादांनी पुन्हा पंजा वर केला. माझ्याकडं न बघता, रेडिओकडं बघत. मला वाटलं, तो पंजा धरून मुरगाळावा.

फकिराभाऊ दादांकडं बघत होते, बिघडलेली वस्तू खोलायच्या आधी बघतात तसं. मग फळीवरून तिसरा काढला. लाकडी पेटी, वितीएवढी. पुढं मोठी जाळी, बाजूला दोन जाड बटणं, गोल फिरवायची. टॉर्चचे असतात तसले दोन मोठे सेल घातले आणि बटण फिरवलं. खट्ट झालं. एक बाई बाजरीच्या खारोड्यांचं वाळवण कसं घालावं ते सांगत होती. सावकाश, शब्द न् शब्द मोजून घ्यावा असं.

"कसा हाय बाबा?"

"ह्योबी तसलाच. नुसती खरखर."

फकिराभाऊंनी आवाजाच्या बटणाला हात लावला नाही. दुसरं बटण हळूच फिरवलं. कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल कुणी शेतकी अधिकारी बोलत होता. जाड, घोगरा आवाज.

दादांचं तोंड बदललं. "हां! ह्यो चांगला हाय. केवढा स्वच्छ."

बटण मागं. खारोड्या.

"गेला."

बटण पुढं. बोंडअळी.

"आला की."

असं तीनदा केलं त्यांनी. रेडिओ तोच, आवाज तेवढाच. बाई बोलायला लागली की दादांच्या लेखी रेडिओ बिघडायचा, गडी बोलायला लागला की दुरुस्त व्हायचा. तिसऱ्यांदा बोंडअळी आली. मी स्टूल ओढून बसले.

फकिराभाऊंनी रेडिओ बंद केला. "ताई, ह्यांचं काम कुठं होतं? प्रेसवर का?"

"सव्वीस वर्षं."

"तरीच. वाळूजकडचे लई येतात माझ्याकडं. रेडिओ बिघडला म्हणून आणतात. मी खोलतो, तर रेडिओ ठणठणीत. पयले कानातून पाखरं जातात, ताई. मग लेकरं. मग बाया. गडी सगळ्यात शेवटी जातो."

दादांनी आमच्या दोघांच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्यांना कळलं. चोरी पकडली गेल्यावर पोराचं होतं तसं तोंड झालं त्यांचं.

"मला ऐकू येतं," ते म्हणाले.

कुणी काही विचारलंच नव्हतं.

"येतं की," फकिराभाऊ म्हणाले. "जावा, समोर चहा घ्या दोघं. मी ह्याचा पट्टा लावून ठेवतो."

समोरच्या हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल धरलं. मी समोर बसले होते ती उठून त्यांच्या उजव्या बाजूला बसले. कोणता कान बरा, तेही मला माहीत नव्हतं. मान ते नेहमी डावीकडं वळवायचे, म्हणजे उजवा पुढं करायचे. मी ते तोंड फिरवणं समजत होते.

"कधीपासून?" मी विचारलं. त्यांचा हात उठायला लागला. मी तो धरून टेबलावर दाबला, आणि छातीतून, गड्यासारखा घोगरा आवाज काढून विचारलं, "कधीपासून ऐकू येत नाय?"

त्यांनी ऐकलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"कंपनीत असतानाच," ते म्हणाले. "दरसाल तपासणी व्हायची. मागं उभा राहून एकजण नाव पुकारायचा. आवाज त्याचा चांगला जाड. ओ दिली की पास. कडुबा होता आमच्या लायनीला, त्यानं खरं सांगितलं, मला बारीक आवाज येत नाय म्हणून. आठ दिवसांत गेटच्या बाहेर. मग कोण सांगतंय?"

"घरी सांगायचं."

"घरी सांगितलं की गल्लीत कळतं, गल्लीत कळलं की कंपनीत."

"आणि रिटायर झाल्यावर?"

त्यांनी टेबलावर अंगठा घासला. मग म्हणाले, "लाज वाटती, दीपमाले."

चहा आला. मी माझा पंजा उघडून त्यांच्या नाकासमोर धरला. "आणि हे? मी बोलले की हे काय दाखवता मला? गप बस म्हणून?"

त्यांनी माझ्या पंजाकडं पाहिलं, मग स्वतःच्या. खरंच चकित झाले. "हे? अगं, हे तर हात बाहेर."

"म्हंजे?"

"तिथं बोलणं कुठलं ऐकू येतंय? मोठ्या प्रेसला दोघं लागायचे. एकाचा पाय पॅडलवर, दुसरा समोरून पत्रा लावणार. लावून झालं की त्यानं पंजा दाखवायचा. माझा हात बाहेर हाय, तू मार. पंजा दिसल्याशिवाय पाय दाबायचा नाय." ते थांबले. "कुणी बोललेलं समजलं नाय की हात आपोआप वर जातो माझा. म्हंजे, तुझं चालू दे. मी मधी येत नाय."

मी मधी येत नाय. दोन वर्षं मी ज्याला माझं तोंड बंद करणारा हात समजत होते तो हा. राग कुठं ठेवावा तेच कळेना मला. पण तो गेला नव्हता, एवढं खरं.

"त्या दिवशी मी दारात उभी राहून काय बोलले, त्यातलं काय कळलं तुम्हाला?"

"रडत होतीस. भांडून आलीस एवढं दिसलं. तुझ्या आईला इचारलं तर तिनं हात झटकून दाखवला, किरकोळ हाय म्हणून. मग पाव्हण्याचा फोन आला. तेबी म्हणले, किरकोळ हाय, राग थंड झाला की घेऊन जातो." चहाच्या ग्लासाकडं बघत ते पुढं म्हणाले, "त्यांचा आवाज येतो फोनवर. चांगला येतो."

येणारच. नवऱ्याचा आवाज भारी. त्याला हळद-कुंकू वाहिल्यासारखं ऐकतात लोक, कान चांगले असलेलेसुद्धा. मी दारात उभी राहून जीव तोडून सांगितलेलं बापाला पोचलं नाही, आणि मारणाऱ्यानं घरबसल्या फोनवर सांगितलेलं स्वच्छ पोचलं.

"ऐकू आलं नाय, ते कंपनीच्या माथी," मी म्हणाले. "पण लेक दोन वर्षं घरात ऱ्हाती, तिला एकदा जवळ बसवून इचारलं नाय. ते कुणाच्या माथी?"

त्यांनी ग्लास बाजूला सरकवला. हात वर केला नाही.

मग मी पुन्हा सांगितलं. पहिल्यापासून. त्याच घोगऱ्या आवाजात, त्यांच्या कानाशी, पण तो आवाज कानाशी राहणारा नव्हताच. शेजारच्या टेबलावर दोघंजण खारी बुडवत होते, ते थांबले. गल्ल्यावरचा माणूस थांबला. ऐकू द्या, म्हटलं मनात. कमरेच्या पट्ट्याचं सांगितलं. ड्यूटी असलेल्या दिवशी बाथरूमात कोंडायचा, ते सांगितलं. हाताचं सांगितलं. दादा मधूनच म्हणायचे, "पुढं?" आणि मी पुढं सांगायचे.

"कोणता हात?"

मी डावा हात पुढं केला. कोपरातून तो पूर्ण सरळ होत नाही. त्यांनी अंगठ्यानं कोपर चाचपलं, पत्र्याची धार तपासतात तसं, खालून वर, वरून खाली. हाड जिथं वाकडं जुळलंय तिथं अंगठा थांबला.

"मी त्याला फराळाला बोलवलं," ते म्हणाले. जावईबापू नाही, पाव्हणं नाही. त्याला.

"हां."

"दोन्ही साली."

"दोन्ही साली," मी म्हणाले. नाही, जाऊ द्या, असं म्हणायचं मी टाळलं. आमच्या घरात जाऊ द्या फार झालं होतं.

चहा तसाच राहिला. दुकानात परत आलो. रेडिओ तोच घेतला, लाकडी पेटीचा. फकिराभाऊंनी आवाजाचं बटण कुठवर फिरवायचं ते दादांच्या बोटानं दाखवलं आणि मला म्हणाले, "घाटी दवाखान्यात कान दाखवून या. मशीन लावलं तर बायाबी येतील परत. समद्या नाय, थोड्या."

स्कूटीकडं निघालो. औरंगपुऱ्यात रविवारची गर्दी, रिक्षावाले, बांगड्यांच्या गाड्यांवर बाया. दादा रेडिओ पोटाशी धरून चालत होते. मध्येच थांबले.

"त्या दिवशी सकाळी काय म्हणत होतीस? तुझी आई रडत होती."

हेही पोचलं नव्हतं तर. "पदमपुऱ्यात खोली घेतली. एक तारखेला तिकडं ऱ्हायला जाते."

"सोड खोली."

"नाय सोडणार."

"आता तर समदं कळलं मला."

"कळलं ते बरं झालं. पण तिथलं कुलूप माझं हाय, दादा. आजवर एकाबी घराचं नव्हतं." हे बोलताना मी त्यांच्या कानाकडं वाकलेच होते, म्हणून ऐकू गेलं.

ते रस्त्यात उभेच राहिले. एका रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. तोही त्यांना ऐकू आला की नाही, कुणास ठाऊक. मग म्हणाले, "मग एक किल्ली मला देशील?"

"देते," मी म्हणाले. आवाज नेहमीपेक्षाही बारीक निघाला.

"काय?"

"देते!"

त्यांनी उजवा कान आणखी पुढं केला. "काय म्हणलीस?"

"देते म्हणलं, किल्ली देते!" मी छातीतून ओरडले. बांगड्यांच्या गाडीवरच्या सगळ्या बाया वळून बघायला लागल्या. मग दादांनी मान हलवली आणि स्कूटीवर मागं बसले.